अस्पर्शित

सकाळी टायवाला पोरगा आला गोळीबार चौकात,
मोटार लावायला सावली शोधून राहिला होता.
"दौलतराव हेडाऊ तुम्हीच का जी?
घड्याळ बंद पडलं. संध्याकाळी लिलाव.
मुंबईचा माणूस उद्याच्या विमानाशिवाय येत नाही."

भिंग घेतलं, चिमटे घेतले, दुकानाला कुलूप.
रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं,
आणि सिव्हिल लाइन्सच्या त्या हॉटेलात
स्वेटर आणायला हवं होतं असं वाटावं इतकं गार.

काळ्या मखमलीवर ते पडलं होतं.
लगेच ओळखलं नाही, खोटं कशाला बोलू.
पट्टा नवा होता, मगरीच्या कातड्याचा;
ओळखीचा माणूस दुसऱ्याची टोपी घालून आला की होतं, तसं.
मग मागचं झाकण काढलं,
आणि आतल्या कडेला, भिंगाशिवाय दिसू नये अशी,
सुईची ओरखड:
दौ. १२-६-७९.

शिरीनबाई सायकलरिक्षातून आल्या होत्या.
रुमालाची गाठ सोडली तर डांबराच्या गोळ्यांचा वास,
आत हे. काच फुटलेली, सेकंदकाटा नाहीसा.
"पडलं का?" मी विचारलं.
"फेकलं," म्हणाल्या. "भिंतीवर. मीच."
थोडं थांबून,
"आमच्या ह्यांना कळता कामा नये."

असा काटा नागपुरात कुठे मिळणार?
भिंतीवरच्या एका मेलेल्या घड्याळाची स्प्रिंग कापली,
चार रात्री कानशीने झिजवली.
बाप कोष्टी माझा. त्याची जर आणि माझा काटा
शेजारी ठेवले असते तर वेगळे सांगता आले नसते.
स्पिरिटच्या दिव्यावर धरला:
पोलाद आधी गवती होतं, मग तपकिरी, मग जांभळं,
मोराच्या मानेचा रंग आला की श्वास रोखून उचलायचं.
एक क्षण जास्त, आणि चारही रात्री वाया.
अठरा रुपये घेतले. त्यांनी वीस दिले.

आज बिघाड काही मोठा नव्हता.
दहा गिऱ्हाइकांनी दहा वेळा वेळ लावून पाहिली,
मागे-पुढे, मागे-पुढे,
आणि माझाच काटा केसभर वाकून
मिनिटकाट्याला जाऊन अडकला होता.
सरळ केला. कानाला लावलं.
झाकण बसवण्याआधी टायवाल्याला म्हटलं,
पाणी मिळेल का?
तो वळला तेवढ्यात सुई काढली,
जुन्या खुणेखाली आजची तारीख घातली.

मग मला शेवटच्या रांगेत बसवलं,
हजार रुपयांचं पाकीट, घाम फुटलेली बाटली.
समोर पडद्यावर काटा माझ्या हाताएवढा दिसत होता,
निळा, जरासा मधे जाड
(चौथ्या रात्री डोळे थकले होते).
लिलाववाला वाचून राहिला: एकाच घराण्यात राहिलेलं,
कधीही आपटलेलं नाही,
प्रत्येक भाग मूळचा,
अस्पर्शित.

हा शब्द त्याने दोनदा म्हटला.
मी माझे हात मांडीखाली घेतले.

अकरा लाख. सतरा. फोनवर दुबई. तेवीस.
उभं राहून एक वाक्य बोललो असतो
तर किती उतरलं असतं, देव जाणे.
पण मी शब्द दिला होता,
आणि ज्यांना दिला त्या आता नाहीत
म्हणून तो परत घ्यायचा कोणाकडून?
शिवाय, आता कबूलच करतो,
मजा येत होती.
बत्तीस. छत्तीस.
एक्केचाळीसला हातोडी पडली.
टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

बाहेर सात वाजले तरी भिंती तापलेल्या.
ऑटो व्हरायटी चौकात अडकला तेव्हा लक्षात आलं,
महत्त्वाचं सांगायचंच राहिलं:
त्याचे काटे उलटे फिरवायचे नाहीत.
पुढे जायचं, पूर्ण बारा तास फिरवायला लागले तरी पुढेच.

कोणाला सांगणार?
ऑटोवाल्याला सांगितलं.
तो आरशातून बघत म्हणाला, "हो ना जी,"
आणि सिग्नल सुटला.